पथारीवरची खाट

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुरतेहून परत. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही म्हणे. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. ऑपरेशन करा नाहीतर गोळ्यांवर सांभाळा, ह्या वयात धोका दोन्हीकडे आहे, म्हणाले. मी विचारलं, गोळ्यांवर किती दिवस? तर ते ह्यांच्याकडे बघायला लागले. झडप माझी आणि उत्तर ह्यांना. मी म्हटलं, गोळ्या लिहून द्या.

गाडीत हे एक अक्षर बोलले नाहीत. पन्नास वर्षांच्या संसारात एवढे गप्प पहिल्यांदाच. खाकऱ्याचा डबा उघडून माझ्या हातात दिला, स्वतः खाल्लं नाही. खांडबाऱ्याला बायका चढल्या, गाठोडी, पातेली, कडेवर पोरं. नंदुरबारला मिरचीच्या कामाला निघालेल्या. तेव्हा म्हणाले, "यंदा लवकर निघाल्या." पूर्ण प्रवासातलं बोलणं एवढंच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय. पथारी सपाट आहे. म्हणून गेले.

पथारी म्हणजे गावाबाहेरचं आमचं मिरची वाळवायचं मैदान. ह्यांनी धंदा बंद केला त्याला सहा वर्षं झाली, आता मोसमात दुसऱ्या व्यापाऱ्यांची मिरची तिथे पसरते. तरी हे रोज सकाळी सातला जातात, निंबाखालच्या खाटेवर बसतात, एखादी मिरची उचलून वास घेतात, मोडून बघतात आणि दहाला घरी येतात. कुणी विचारलं तर "कामावर गेलो होतो." मी कधी हसत नाही. म्हणजे तोंडावर नाही.

मोसमाच्या पहिल्या आठवड्यात ताकाची चरवी न्यायची हा माझा जुना नेम. देठ खुडून खुडून बायकांच्या बोटांची आग होते. अंगावर पिणारं पोर असेल तर आधी हात ताकात बुडवायचे, मगच पोराला जवळ घ्यायचं. वंतीबाईनं चरवी बघूनच हाक मारली. ती गटाची मुकादम, खांडबाऱ्याकडची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे पण दिसते थोरली. तिची सून सुनीता पण आलीय, आठ महिन्यांची मुलगी घेऊन. साडीची झोळी मिरचीपासून दहा पावलांवर बांधलेली. वारा सुटला की सगळा ठसका झोळीत. पोरीचे डोळे लालभडक, रडून रडून आवाज बसलेला. आई उचलते, पण डोळे पुसायला हात लावता येत नाही.

ताक हातांना झालं. डोळ्यांना काय लावायचं? घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

२ डिसेंबर, मंगळवार

आज चहाच्या वेळी सांगून टाकलं. पथारी दान करायची. ट्रस्ट करून. विहीर, निंब, जुनं गोडाऊन सगळ्यासकट. गोडाऊनमध्ये पोरांसाठी बंद खोली, जाळीच्या खिडक्या, एक सांभाळणारी बाई.

पथारी कागदावर माझी आहे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा सासऱ्यांनी माझ्या नावावर केली. सही कर म्हणाले, केली. त्यानंतर आजपर्यंत कुणी मला तिच्याबद्दल काही विचारलं नाही आणि मीही कधी बोलले नाही.

हे म्हणाले, "दर चातुर्मासात व्रत म्हणून तू साड्या कमी करतेस, ते ठीक. आता जमीन?"

"कमी करायला साड्या उरल्या नाहीत."

हसले. मग हसू थांबलं. बशीत बघत विचारलं, "मी कुठे बसू?"

मला हे आधीच सुचायला हवं होतं. मी घाईनं म्हटलं, तुम्ही बसता तिथेच बसा, मी काही आज देत नाहीये, मृत्युपत्रात लिहून ठेवू, मी गेल्यावर ट्रस्टकडे जाईल. तर उठले आणि गॅसचा सिलिंडर हलवून बघायला लागले. कालच नवीन लावलाय.

११ डिसेंबर, गुरुवार

वकीलसाहेबांकडे गेलो. माणूस चांगला, पण प्रत्येक प्रश्न ह्यांना. "काकींची इच्छा काय आहे?" काकी समोर बसल्यात! तीनदा असं झाल्यावर हेच म्हणाले, "साहेब, जमीन हिची आहे, मी नुसता सोबत आलोय." बरं वाटलं. फार बरं वाटलं.

ठरलं ते असं. मृत्युपत्र करायचं. मी गेल्यावर पथारी ट्रस्टला, ट्रस्ट फक्त मजूर बायकांच्या पोरांसाठी. नाव वकिलांनीच सुचवलं, विमलबाई स्मृती बालछाया. स्वतःच्याच स्मृतीला स्वतः हो म्हणायचं म्हणजे गंमतच आहे. विश्वस्त हे, आमचा मुलगा जितू आणि वंतीबाई. वंतीबाईच्या नावाला वकील थोडे खोकले. "त्यांना सहीची अडचण…" मी म्हटलं, मिरचीचं पोतं उचलताना तिला कसली अडचण येत नाही, अंगठ्याची पण येणार नाही. लिहून घेतलं.

येताना ह्यांनी रिक्षा थांबवून माझ्यासाठी पेरू घेतले. बिया काढून खायचे असतात हे रिक्षावाल्याला समजावत होते.

२८ डिसेंबर, रविवार

जितू सुरतेहून एक दिवस आला. पप्पांसमोर काही बोलला नाही, स्वयंपाकघरात आला.

"मम्मी, मला त्या जमिनीतलं काही नको. खरंच नको. पण पप्पा सकाळी उठून जाणार कुठे?"

मी म्हटलं, मी गेल्यावरची गोष्ट आहे. तर पोळी लाटता लाटता माझा हातच धरला त्यानं. पन्नाशीकडे आलेला मुलगा. "असं सारखं मी गेल्यावर, मी गेल्यावर म्हणत जाऊ नकोस गं."

मग मीठ कमी म्हणून भाजीला नावं ठेवली. माझं मीठ डॉक्टरांनी काढलंय, तर सगळ्यांचंच काढलं मी. पाच वाजता जेवून सहाच्या गाडीनं गेला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळाचे लाडू घेऊन पथारीवर. लाल गालिचा लांबपर्यंत, वर पतंग. सुनीताच्या पोरीला दोन दात आलेत. तिला आज गोडाऊनच्या मागे ठेवलं होतं, तरी ठसका होताच.

हे काहीतरी लपवतायत. फोन आला की ओट्यावर जातात. आत आले की उगाच म्हणतात, "स्थानकाच्या हॉलचा दगड लवकरच येईल हं राजस्थानातून." जैन स्थानकाच्या नव्या हॉलचं काम ह्यांच्याकडे आहे, पण मी कुठे विचारलं होतं? पन्नास वर्षं झाली, अजून खोटं बोलता येत नाही ह्यांना. धंदा कसा केला कोण जाणे.

२० जानेवारी, मंगळवार

आज मी मेले.

जसं झालं तसं लिहिते. सकाळी माझं बी.पी. तपासायला माणूस यायचा होता म्हणून हे पथारीवर गेले नव्हते, आंघोळीला गेले होते. मी ओट्यावर मेथी निवडत होते. दहाच्या सुमाराला कोपऱ्यावरून रडण्याचा आवाज. आपल्या गल्लीत कोण गेलं म्हणून उभी राहिले, तर वीस-पंचवीस बायका, मिरचीनं लाल झालेले हात, पदर डोक्यावर, पुढे वंतीबाई छाती पिटत. "मन्ही बाई गयी वं! मन्ही ताकवाली गयी!"

ओट्यापाशी आली आणि मी दिसले. मेथीची जुडी हातात.

छाती पिटणारा तिचा हात वरच राहिला.

"तू जिती शे?"

"आहे. मेथी निवडतेय."

वंतीबाईनं आधी माझ्या खांद्यावर एक चापट मारली, चांगली जोरात. मग मिठी मारली, माझे गाल दोन्ही हातांनी चाचपले. मिरचीचे हात ते. माझ्या डोळ्यांची अशी आग झाली की मी ओरडलेच. मग मी रडतेय म्हणून त्या परत रडायला लागल्या. शेजारच्या धावत आल्या. हे टॉवेलवर बाहेर आले, डोक्याला साबण, आणि विचारतात काय, "कोण गेलं?"

सुनीता दहावी शिकलीय. तिनं सांगितलं. सकाळी ट्रकवाला पथारीवर एक संगमरवरी पाटी उतरवून गेला. तिनं वाचली. स्व. विमलबाई स्मृती बालछाया. शेठ रोज सातला येतात ते आज आलेले नाहीत. मग दुसरं काय समजायचं?

मी ह्यांच्याकडे बघितलं. साबणाचं पाणी डोळ्यात जाऊनही पुसत नव्हते.

शेजारणीनं दूध आणलं, डोळ्यांवर घड्या ठेवल्या. मग बायकांना सगळं सांगावंच लागलं. ट्रस्ट काय, खोली कसली, मी गेल्यावर ती जागा पोरांची कशी होणार. वाटलं होतं, खूश होतील. वंतीबाई उकिडवी बसून ऐकत होती. मग म्हणाली (तिचं सगळ्यांना तूच):

"म्हंजे तू मरशी तव्हय आमना पोरेसले सावली भेटी?"

"हो."

"मंग आमी देवले काय मांगसूत? बाई मरो म्हनीसन? पोरगी खोकली का मन्हा मनमा ई, बाई अजून जिती शे. आसं पाप नको आमले. देनं शे तं जिती दे. नई तं तुन्हं ताकच बरं."

उठली, पदर झटकला. जाताना ओट्यावरची निवडलेली मेथी एका भांड्यात भरून दिली मला, सांडली होती म्हणून.

२१ जानेवारी, बुधवार

झोप नाही. डोळे अजून चुरचुरतात. वंतीबाईचं बोलणं त्याहून जास्त.

पाटीचं कळलं. स्थानकाचा दगड मकराण्याहून येणारच होता, त्याच ट्रकमध्ये आपली पाटी पण येईल, गाडीभाडं वेगळं पडणार नाही, असा हिशेब ह्यांचा. मला दिसू नये म्हणून पत्ता पथारीचा दिला. मजकूर फोनवर सांगितला. "स्मृती" ऐकल्यावर कोरणाऱ्यानं आपल्या मनानं "स्व." लावून दिलं, त्याच्याकडे सगळ्या पाट्यांवर असतंच. ह्यांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

"तुझं नाव दगडात बघायचं होतं मला," म्हणाले. "तुला पण दाखवायचं होतं. तू असताना."

आणि रडले. सासूबाई गेल्या तेव्हा रडले होते, त्यानंतर आज. मी आधी हसत होते, गाडीभाडं वाचवायला बायकोला स्वर्गात धाडलं म्हणून. मग मलाही आवरेना. फार जीव आहे हो ह्या माणसावर माझा. सांगितलं कधी नाही. इथे लिहिते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा वकील. मी विचारलं, जिवंतपणी देता येईल? येईल म्हणाले. आत्ताच ट्रस्टच्या दस्तावर सही करायची, दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचं, पुढे धर्मादाय कार्यालयात नोंदणी. "पण काकी, मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं. हे दिलं की दिलं. परत मागता येत नाही. नीट विचार करा." आज पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

ह्यांच्या संमतीचं विचारलं. कायद्यानं लागत नाही, म्हणाले. जमीन तुमची.

कायद्याला नाही लागत. मला लागते.

हे बाहेर बाकावर बसले होते. आत आलेच नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

सामायिकाचा घडीभर जप झाल्यावर ह्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, राहू द्या. मृत्युपत्रच ठेवू. तुमची खाट तुम्हाला. वंतीबाईला मी समजावीन.

चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "मृत्युपत्र म्हणजे तू गेलीस की पथारी पण गेली. दोन्ही एकदम. त्या दिवशी सकाळी मी कुठे जाऊ?"

माझ्या लक्षातच नव्हतं आलं. एवढे दिवस मला वाटत होतं, मी ह्यांचं बघतेय. ह्यांच्यासाठीच तर सगळं मागे ढकललं होतं.

"मग आत्ता देऊ?"

"आत्ता दिली तर आजच गेली."

त्यांना दोन्ही नको. मलाही दोन्ही नकोच होतं, पण झडपेला कोण सांगणार. हात धरून बसलो. दूधवाला आला म्हणून उठले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वंतीबाई घरी आली. एकटीच. हात धुऊन, साबण लावून आली होती, दोनदा दाखवले मला. आत येईना, ओट्यावरच बसली. हे झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

ती म्हणाली, बायका बोलल्या आपसात. जागा जिवंतपणी दिली तर घेऊ. पण एक अट. मला हसूच आलं. दान घेणाऱ्याची अट!

"शेठनी खाट तठेच ऱ्हाई. निंबखाले. कागदवर लिखी दे. नई तं आमले तुन्ही खोली नको."

"का गं?"

"शेठ सकायमा मिरची मोडीसन दखस. त्यासनी हां म्हनं का मंग आमले काम गोड लागस. तीस वरीसनी सवय शे."

मी वकिलांना लगेच फोन केला. ते हसले, पण लिहिता येईल म्हणाले. दात्याच्या पतीस निंबाखाली बसण्याचा हक्क राहील, वगैरे. मला वाटलं, सुटलं. सगळं सुटलं.

पेपर खाली आला. "माझ्या जागेत मी कागद दाखवून बसू? पाहुणा म्हणून?" चपला घातल्या आणि गेले. जेवायला आले. ताटात काही टाकलं नाही, एवढंच.

वंतीबाईला वाईट वाटलं. मला राग आला. ह्यांच्यावर, तिच्यावर, स्वतःवर. कुणाचंच चुकत नाही तेव्हा चिडायचं तरी कुणावर?

१८ फेब्रुवारी, बुधवार

पाच दिवस लिहिलं नाही. रविवारी पहाटे श्वास लागला. इथल्याच दवाखान्यात दोन दिवस. आता घरी, उशांना टेकून. गोळ्या वाढवल्या. अक्षर वाकडं येतंय.

जितू आलाय. हे दवाखान्यात खुर्चीवरून हलले नाहीत. पथारीवर पण नाही. नर्स म्हणाली, काका घरी जाऊन झोपा. तर म्हणाले, कामावर आहे.

जितू म्हणतो, मम्मी, मी विश्वस्त म्हणून सही करायला तयार आहे, तू म्हणशील तेव्हा. पण पप्पांना ओढून नेऊ नकोस. मी म्हटलं, ओढणार नाही. स्वतःच्या पायांनी आले तरच सही करीन. नाहीतर जशी पडलीय तशी पडू दे पथारी.

तारीख मात्र ठरवून टाकली. २६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी अकरा. कारण शनिवारी बायका होळीला गावी निघतील, मग पुढच्या मोसमापर्यंत वंतीबाई नाही. आणि पुढच्या मोसमाचं मी काही धरून चालत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांनी पाटी घरी आणवली. दगडवाल्याला बोलावून "स्व." खरवडून घेतलं. अंगणात दिवसभर ठकठक. नावाच्या आधी आता बोटभर खोल खड्डा. दगडवाला म्हणाला, सिमेंट भरून घोटून देतो, कळणार पण नाही.

मी आतून ओरडले, "असू द्या. जागा मोकळीच ठेवा. लागणारच आहे पुढे."

दगडवाला दचकला. हे दारात आले, रागानं बघत. मी उशीवरून बघत. मग ह्यांच्या मिशा हलल्या. हसायचं नाही असं ठरवलं की ह्यांच्या मिशा हलतात. बारा तारखेनंतर पहिल्यांदा.

सिमेंट नाही भरलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चालता येतंय घरातल्या घरात. सुनीता पोरीला घेऊन भेटायला आली. पोरगी धरून उभी राहते आता. ह्यांच्या खुर्चीचा पाय धरून उभी राहिली आणि मागे पडली. ठणाणा रडली. हे घाबरून उठले, उचलावं की नाही कळेना. शेवटी उचलली. एवढ्याशा पोरीला दोन हात लांब धरून उभे, मिरचीचा नमुना धरावा तसे. पोरगी गप्प झाली, मिशी ओढून बघितली.

"किती उंचावरून पडली?" विचारलं मला.

"उभी होती तिथूनच. वीतभर."

"वीतभर," म्हणाले. बराच वेळ त्या खुर्चीकडेच बघत होते.

परवाच्या सहीचं दोघांनीही काढलं नाही. जितू वकिलांकडून कागद घेऊन आलाय, देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवलेत. खाटेचं कलम त्यात आहे. सातव्या पानावर.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सातला हे निघाले. दवाखान्यानंतर पहिल्यांदा पथारीवर. मला बरं वाटलं.

दहा वाजता आले ते हातगाडी घेऊन. हातगाडीवर खाट.

मी खिडकीतून बघितलं. निंबाखालची खाट, तीस वर्षांची, घरी आणली. म्हणजे संपलं. माझ्या सहीच्या आधीच उठून आले तिथून, कुणाच्या कागदावर बसायला नको म्हणून. विचारायचं धाडस झालं नाही. जितूनं विचारलं तर म्हणाले, "मध्ये येऊ नकोस." मी आत जाऊन पडले. रडले नाही. उद्याचे कागद जितूला परत करायला सांगावेत असं ठरवलं.

मागच्या अंगणातून करवतीचा आवाज. मग थांबला. मग पुन्हा. ह्या वयात करवत! जितूला हाक मारली, तर तो पण तिकडेच. शेवटी भिंत धरत धरत मीच गेले.

खाट उलटी पडलेली. जुनी दोरी सगळी काढलेली, ढीग बाजूला. आणि खाटेचे पाय कापलेले. तीन कापून झाले होते, चौथा चालू होता. जितूनं धरलेला, हे कापतायत, घामाघूम. जमिनीपासून वीतभर राहिले असतील पाय.

मी उंबऱ्यावरच बसले.

"पोरं पडतात," म्हणाले. माझ्याकडे न बघता.

चौथा पाय कापून झाला. खाट सरळ केली, हलवून बघितली, डुगडुगते का. नवीन दोरी ओवायला लागले. बाज विणायला सासऱ्यांनी शिकवलं होतं, ते अजून हातात आहे. मी बघत बसले. ह्यांचे गुडघे मला माहीत आहेत. स्थानकात खाली बसले की उठवायला दोन माणसं लागतात.

"अहो, एवढ्या खाली बसलात तर तुम्हाला उठता यायचं नाही त्यावरून."

"उठवायला तिथे कुणीतरी असेलच."

एवढं म्हणून दोरी ताणली. मी पदर डोळ्यांना लावला. साधा, बिनमिरचीचा.

मग म्हटलं, "उद्या अकरा वाजता."

ऐकलं की नाही कळलं नाही. बोटांनी दोरी मोजत होते. "कमी पडली," म्हणाले. "बाजारातून घेऊन येतो." चपला घातल्या, पिशवी घेतली आणि गेले.

आता पाच वाजत आलेत. सूर्यास्ताच्या आधी जेवायला येतीलच. खिचडी टाकलीय. उद्याची साडी काढून ठेवलीय, ह्यांचा पांढरा सदरा पण काढून ठेवलाय, खुंटीवर, दिसेल असा. अंगणात अर्धी विणलेली खाट आणि पायांचे चार तुकडे पडलेत. जितू उचलायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे, त्यांना येऊ दे.